बोरीच्या छावणीत परतलेला घोडा

इ. स. १८६३ च्या सप्टेंबर महिन्याच्या चौथ्या तारखेस, शुक्रवारी, नागपूरहून दक्षिणेस हिंगणघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरी या गावी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम पडला होता. प्रांत स्थापन होऊन पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती, रेल्वेचे रूळ नागपुरास पोचावयास अजून चार वर्षांचा अवकाश होता, आणि ज्या मुलखावर आपण हुकूम चालवितो तो मुलूख निदान एकदा घोड्यावर बसून डोळ्यांखालून घालावा, असा या सदतीस वर्षांच्या उत्साही अंमलदाराचा शिरस्ता होता. त्या दिवशी त्याच्या मंडळींत एक पाहुणा होता. तो सरकारी नोकर नव्हता. नागपूरच्या स्कॉटिश मिशनचा पाद्री होता, आणि जवळच्या टाकळघाटच्या शिवारातील प्राचीन शिळावर्तुळांविषयी त्याच्याइतकी माहिती असणारा दुसरा मनुष्य त्या प्रांतात नसल्यामुळे टेंपल यांनी त्याला मुद्दाम बरोबर घेतले होते. संध्याकाळ झाली, अंधार पडला, आणि त्या पाहुण्याचा घोडा छावणीत एकटाच परत आला; खोगीर रिकामे होते.

त्या पाद्र्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरकरांना हे नाव कॉलेजचे म्हणून ठाऊक आहे. त्या नावाचा मनुष्य बुटीबोरीच्या शेजारच्या एका नाल्यात बुडून मेला, हे मात्र बुटीबोरीतदेखील फार थोड्यांना माहीत असावे. त्या काळच्या इंग्रजी लेखांत गावाचे नाव नुसते बोरी असे येते. नागपूरच्या बुटी या धनाढ्य घराण्यावरून पुढे ती बुटीबोरी झाली, असे जुने लोक सांगतात, आणि ते खरे असावे, कारण बोऱ्या या मुलखात पुष्कळ आहेत आणि एकीला दुसरीपासून ओळखण्यासाठी मालकाचे नाव लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. वेणा नदीच्या खोऱ्यातील ही काळी, चिकट, कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिला पावलापावलावर भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बैलाचे खूर धरून ठेवते.

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या लहान गावी झाला. थोरल्या भावाबरोबर डोंगरओहोळांतून दगड, शिंपा आणि किडे गोळा करण्याचा छंद त्याला लहानपणीच जडला होता, आणि धर्मशास्त्राचे अध्ययन त्याने एडिंबरोस टॉमस चामर्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या स्कॉटिश धर्मोपदेशकापाशी केले. हिस्लॉपचा अलेक्झांडर नावाचा दुसरा भाऊ रोमन पंथाविरुद्ध एक जहाल ग्रंथ लिहून प्रसिद्धीस आला. एकाच घरात वाढलेल्या दोघांपैकी एकाची श्रद्धा वादात खर्ची पडावी आणि दुसऱ्याची शाळेच्या हजेरीपटात, हा केवळ स्वभावाचा भेद की परदेशातील उन्हाचा परिणाम, हे सांगणे कठीण आहे.

या श्रद्धेची जात कोणती, हे मात्र थोडे समजून घेतले पाहिजे. १८४३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली. गावचा धर्मोपदेशक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, असा तो तंटा होता, आणि जमीनदाराचा हक्क मान्य नसलेले साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली चर्चे, आपली राहती घरे आणि आपले वेतन एका दिवसात सोडून बाहेर पडले. त्यांनी स्थापन केलेल्या फ्री चर्चला हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरी जाऊन मिळाले. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन त्यांत होते. हिस्लॉप याच मंडळीतला. संकट म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माचा भोग, ही आपली समजूत त्याची नव्हती. नशिबाचा फटका म्हणून कपाळावर हात मारण्याचीही त्याला मुभा नव्हती. जे जे घडते ते ईश्वराच्या योजनेतील आहे, ती योजना आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपल्या वाट्याचे काम थांबत नाही, असा हा कोरडा, कठोर आणि चमत्काराची फारशी अपेक्षा न ठेवणारा विश्वास होता. अशा विश्वासाचे माणूस संकटात फारसे बोलत नाही, हेही येथे नमूद करून ठेवावे.

नागपूरच्या मिशनचा पाया मुळातच एका आपत्तीवर घातला गेला होता. हिस्लॉप येण्यापूर्वी काही वर्षे जर्मन मिशनऱ्यांची एक लहान टोळी अमरकंटकाजवळ करंजिया या गोंडांच्या मुलखात वस्तीस गेली होती. शेती करावी, सुतारकाम करावे, स्वतःच्या श्रमावर जगावे आणि गोंडांमध्ये राहून धर्म सांगावा, असा त्यांचा साधा बेत होता. पहिल्याच पावसाळ्याने तो बेत मोडला. महामारीने त्यांच्यापैकी चौघे दगावले. या वार्तेने खचून जाण्याऐवजी कामठीच्या फौजेतील विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या पदरची मोठी रक्कम देऊ केली आणि भोसल्यांच्या राजधानीत मिशन काढण्याविषयी स्कॉटलंडास लिहिले. या बोलावण्यावरून, नवपरिणीत पत्नी एरास्मा हिच्यासह, हिस्लॉप १८४४ च्या डिसेंबरात मुंबईस उतरला आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोचला.

तेव्हाचे नागपूर हे इंग्रजांचे राज्य नव्हते. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते, सीताबर्डीस रेसिडेंट होता, कामठीस कंपनीची फौज होती, आणि या तिहींच्या मधल्या जागेत, राजाचा अविश्वास आणि रेसिडेन्सीची नाखुशी या दोन्ही सोसत, मिशनला आपले बिऱ्हाड थाटावयाचे होते. हिस्लॉपने मराठी शिकून घेतली. १८४६ साली त्याची शाळा सुरू झाली. मुले आली, आईबापांनी पाठविली, कारण इंग्रजी विद्येची भूक नागपुरासही लागली होती. परंतु धर्म आणि विद्या यांपैकी एक घ्यावे आणि दुसरे पाटावर तसेच ठेवून उठावे, हा व्यवहार नागपूरच्या ब्राह्मण घरांना चांगला साधत होता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही.

मग १८४८ चे प्रकरण उद्भवले. बाबा पांडुरंग नावाचा एक ब्राह्मण तरुण बाप्तिस्मा घेण्याच्या इच्छेने मिशनच्या आश्रयास आला. राजाने आपली रयत परत मागितली. तहनाम्यातील कलमाचा आधार दाखविण्यात आला, आणि रेसिडेन्सीने तो तरुण दरबारच्या स्वाधीन केला. त्याला कैदेत ठेवण्यात आले. ज्या इंग्रजी सत्तेच्या छायेत आपण उभे आहोत असे हिस्लॉपला वाटत असेल, त्याच सत्तेने कागदावर बोट ठेवून त्याच्या दारातून मनुष्य उचलून दिला. कलकत्त्याच्या सरकारपर्यंत लिखापढी झाली, आणि पुढे त्या तरुणाची सुटका झाली. हिस्लॉपने या काळात शाळा बंद केली नाही. कैद भोगली ती बाबा पांडुरंगने; पाद्र्याने लिहिले ते अर्ज. या दोहोंतील अंतर चरित्रकार पुष्कळदा विसरतात. नव्या धर्माची खरी किंमत त्या काळी मिशनरी देत नसे. आईबाप, जात, वतन, पंगत आणि विहिरीचे पाणी हे सर्व ज्याला एका दिवशी पारखे होई, तो देत असे.

बाप्तिस्मे थोडे झाले. अठरा वर्षांत हाती लागलेल्या माणसांची मोजदाद केली तर ज्यांनी पैसा पुरविला त्या स्कॉटलंडच्या मंडळीस समाधान वाटण्यासारखे त्यात फारसे नव्हते. पण या निष्फळतेच्या काळात हिस्लॉप काय करीत होता ते पाहण्यासारखे आहे. धर्मोपदेशासाठी गावोगाव हिंडताना तो दगड वेचीत होता. रॉबर्ट हंटर नावाचा सहकारी त्याला १८४७ साली मिळाला, आणि या दोघांनी नागपूरच्या आसपासच्या टेकड्या, खाणी आणि नाल्यांच्या दरडी पालथ्या घातल्या. टाकळी, सिलेवाडा, वणीजवळचे मांगली, ही आपल्या लेखी साधी खेडी त्यांच्यामुळे लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी झाली. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांवरून, ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या काळात या जागी तळी होती, त्यांत गोगलगायी फिरत होत्या आणि काठावर झाडे उभी होती, हे या दोघांनी दाखवून दिले. मांगलीच्या दगडात सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या पंडिताने केले. एका हिरव्या खनिजाला हिस्लॉपाइट असे नाव पडले, आणि गोड्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या प्रजातीला हिस्लोपिया. पृथ्वीचे वय आणि बायबलातील उत्पत्तीची कथा यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावर इंग्लंडात त्या काळी माणसांची झोप उडत होती. नागपूरच्या या पाद्र्याची उडाल्याचे त्याच्या कामावरून तरी दिसत नाही. त्याला दगड खोटे बोलणार नाहीत याची खात्री होती आणि देवाविषयीही तीच.

प्रकृती ढासळल्याने हंटर १८५५ साली परत गेला. तत्पूर्वीच, १८५३ च्या डिसेंबरात, रघूजी महाराज निपुत्रिक वारले होते आणि डलहौसीने राज्य खालसा केले होते. जवाहीर, हत्ती, घोडे यांचा लिलाव झाला, आणि बर्डी ते महाल एकच हळहळ उठली. नव्या अमलात मिशनला सुखाचे दिवस यावेत असा साधा हिशेब होता. परंतु हिस्लॉपने त्या नव्या अमलाचीच लक्तरे श्रीरामपूरच्या ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रातून वेशीवर टांगली. नागपूरचा कारभार ढिला आहे आणि अंमलदारांवर कोणाची देखरेख नाही, अशी त्याची तक्रार होती, आणि ही टीका १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होण्यास कारणीभूत झालेल्या गोष्टींपैकी एक समजली जाते. त्या पत्राचे संपादक जॉर्ज स्मिथ यांनीच १८८८ मध्ये हिस्लॉपचे चरित्र लिहिले. बोरीचा हा वृत्तान्त आज मिळतो तो बव्हंशी त्यांच्यामुळे.

गोंडांचा नाद त्याला शेवटपर्यंत होता. करंजियाचा डाव मोडला तरी ज्यांच्यासाठी तो मांडला होता ती माणसे डोंगरात होतीच. त्यांची भाषा, देवके, लग्नविधी, शब्दांच्या याद्या, आणि विशेषतः गोंडांचे भाट असलेल्या परधानांच्या तोंडून गायिली जाणारी त्यांच्या पुराणपुरुष लिंगोची दीर्घ कथा त्याने टिपून घेतली. या टिपणांचा एक व्यवस्थित ग्रंथ करावयाचा होता. तो करण्यास सवड मिळत नव्हती, कारण रोज शाळा होती.

आता त्या शुक्रवाराकडे वळू.

टाकळघाट बोरीपासून काही कोसांवर, वायव्येच्या अंगास आहे. तेथे आणि आसपासच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे दिसतात. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या शिळा कडेने रचलेल्या, मध्ये खडी-मुरुमाची उंचवट्याची भर. गावकरी ही जुन्या गवळ्यांची म्हणत. हिस्लॉपला त्यांत थडग्यांची रचना दिसत होती, आणि टेंपल यांच्यासमक्ष ती उकरून पाहावयाची होती. श्रावणाच्या दिवसांत असल्या जागी खणणे सोपे नसते. वरची माती लोण्यासारखी हाताला लागते आणि कुदळ वर ओढताना तिच्याबरोबर निम्मा गोळा येतो. तरी काम झाले, आणि टेंपल आपल्या मंडळींसह बोरीकडे माघारी निघाले.

हिस्लॉप निघाला नाही. टाकळघाटला एक शाळा होती. तेथील मुलांची परीक्षा घेऊन मग येतो, असे ठरवून तो मागे राहिला. ही परीक्षा त्याच्यावर कोणी लादली नव्हती, आणि ती चुकविली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. सुमारे वीस वर्षांत त्याने अशा किती मुलांना पाढे विचारले असतील, किती जणांच्या पाट्या हातात घेऊन पाहिल्या असतील, याला गणती नाही. आणि तरीही चीफ कमिशनरच्या पंगतीला वेळेवर पोचण्यापेक्षा टाकळघाटच्या मुलांच्या पाट्या पाहणे त्याला अधिक निकडीचे वाटले. त्याच्या मृत्यूची हकिकत सांगणारे दोन पक्ष आहेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणतात, तो शिळावर्तुळांपायी गेला. चर्चची मंडळी म्हणतात, धर्मकार्यात गेला. तपशील पाहिला तर तो शाळेमुळे उशीर झाला म्हणून गेला, असे म्हणणे जास्त बरोबर होईल, आणि त्याच्या मनात या तीन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच, असे मला वाटते. दगड, देव आणि पाटी यांची दप्तरे वेगवेगळी बांधण्याची सवय आपली आहे; त्याची नव्हती.

टाकळघाट आणि बोरी यांच्या वाटेत नाला आहे. या भागातील नाल्याचा स्वभाव ज्याने पाहिला नाही त्याला ही गोष्ट अविश्वसनीय वाटेल. सकाळी जेथे घोड्याच्या गुडघ्यालाही पाणी लागत नाही, तेथे वरच्या अंगाला कोठेतरी तासभर पाऊस कोसळला की संध्याकाळी हत्तीलाही पोहावे लागते. भिजून तृप्त झालेली काळी जमीन पाण्याचा एक थेंबही पोटात घेत नाही. त्यातून खालची मोठी नदी भरून वाहत असेल तर नाल्याचे तोंड कोंडते आणि पाणी उलटे फुगत मागे येते. असे फुगलेले पाणी वाहताना दिसत नाही, आवाज करीत नाही, आणि म्हणूनच ते अधिक फसवे असते. काठावरच्या माणसाला ते सकाळचेच शांत पाणी वाटते. दिवस मावळला होता. कृष्ण पक्ष होता, षष्ठी-सप्तमीचा सुमार. चंद्र उगवण्यास रात्रीचा बराच उशीर होता. सकाळी ज्या उतारावरून तो पलीकडे गेला होता त्याच उतारावर त्याने घोडा घातला असावा. पुढचे कोणी पाहिले नाही.

घोडा पोहून निघाला आणि वाट ओळखून छावणीत आला. त्याला एकट्याला पाहून माणसे शोधास धावली, आणि नाल्याच्या पाण्यात हिस्लॉपचे प्रेत सापडले. आणखी चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. देह नागपुरास नेण्यात आला आणि तेथेच मातीत ठेवण्यात आला.

टेंपल यांना ही गोष्ट फार लागली असली पाहिजे. त्या दिवसाचा प्रवास त्यांच्याच आमंत्रणावरून झाला होता. पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर आणि मुंबईचे गव्हर्नर झालेला हा कर्तबगार आणि थोडा मिजासखोर गृहस्थ, नव्या प्रांताच्या शंभर उपद्व्यापांतून वेळ काढून, त्या पाद्र्याच्या दप्तरातील अर्धवट टिपणे उलगडीत बसला, आणि १८६६ साली मध्यप्रांतातील आदिवासी जमातींविषयीचे हिस्लॉपचे कागद त्याने आपल्या संपादनाखाली छापवून आणले. लिंगोची कथा त्यात आहे. ज्या परधानाने ती म्हटली असेल त्याचा कंठ, ज्याने ती टिपली त्याची लेखणी आणि ज्याने ती छापली त्याची सरकारी मोहर, अशा तीन हातांतून ती आपल्यापर्यंत आली.

मिशनचे काम थांबले नाही. जे. जी. कूपर यांनी ते पुढे चालविले. १८८३ साली त्या शाळेच्या वरच्या मजल्यासारखे हिस्लॉप कॉलेज निघाले. नागपुरातील ते पहिले. मॉरिस कॉलेज मागाहून आले. १८९० मध्ये ॲग्नेस हेंडरसन या डॉक्टरीण बाई आल्या आणि त्यांच्या खटपटीतून बायकांसाठी मूर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. एक योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हिस्लॉप गेल्यानंतर तीस वर्षांच्या आतबाहेर, ज्या बुटींचे नाव आज बोरीला लागलेले आहे त्याच घराण्यातील आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने एक बुद्धिमान, तापट आणि अस्वस्थ कवी नागपुरात वैदिक वाङ्मयाचे काम करीत होता. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्याच्या हाती बायबल ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर जे कोसळले, ती ताटातूट, ते आप्तांचे शब्द, आणि पुढे स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर जाणे, हे ‘स्मृतिचित्रे’त सर्वांनी वाचलेले आहे. बाबा पांडुरंगच्या कैदेची अशी आठवण त्याच्या घरातील कोणी बाईने लिहून ठेवली असती तर नागपूरच्या मिशनचा इतिहास निराळा दिसला असता.

टाकळघाटच्या शिवारात मात्र पुढे शंभर वर्षे कोणी नेटाने खणले नाही. १९६८ पासून नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि त्यांचे विद्यार्थी टाकळघाट व खापा येथे उतरले. वस्ती टाकळघाटला आणि शिळावर्तुळे खाप्याला, अशी त्यांनी उत्खननाची वाटणी केली, आणि ही थडगी ख्रिस्तपूर्व सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासच्या लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत, हे सिद्ध झाले. हिस्लॉपचा अंदाज बरोबर होता. ती गवळ्यांची गोठणे नव्हती, थडगीच होती. काळी-तांबडी मडकी निघाली, लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघाल्या. विदर्भातील या शिळावर्तुळांत मृताबरोबर घोड्याचा साज ठेवलेला आढळतो, काही ठिकाणी घोडाही पुरलेला आढळतो. मालक पुढे गेला तर त्याला वाहन हवे, अशी त्या लोकांची समजूत असावी. अडीच हजार वर्षे मातीत राहून गंजलेल्या लगामाच्या लोखंडी कड्या देवांच्या विद्यार्थ्यांनी कुंच्याने झाडून काढल्या, त्यांवर क्रमांक घातले आणि कापसात गुंडाळून पेटीत ठेवल्या.